नवशिक्या शिकाऱ्यासाठी लेझर रेंजफाइंडर : निवड, वापर आणि काही कायदेशीर अडचणी

आपण अमरावतीच्या राजापेठेत राहता, चाळिशी उलटली आहे, गुडघे अजून शाबूत आहेत आणि आपल्याला एकाएकी शिकारीसाठी लेझर रेंजफाइंडर घ्यावासा वाटू लागला आहे. अभिनंदन. ही इच्छा माणसाला सहसा रात्री साडेअकराच्या सुमारास होते. मोबाइलवर अमेरिकेतल्या हरणाच्या शिकारीचा व्हिडिओ चाललेला असतो. झाडाआड बसलेला टोपीवाला इसम खिशातून मुठीएवढं यंत्र काढतो, डोळ्याला लावतो, 'दोनशे बारा' असं पुटपुटतो आणि पुढच्या मिनिटाला हरीण आडवं असतं. आपल्याला वाटतं, नेम राहू द्या, पण ते पुटपुटणं तरी आपल्याला जमेल. पुढचं मार्गदर्शन खास अशा उमेदवारांसाठी आहे. पायऱ्या क्रमानं चढाव्यात. मधली गाळली आणि काही झालं तर लेखक जबाबदार नाही. राजापेठ पोलीस ठाणं मात्र जवळच आहे.

पायरी पहिली : सावज ठरवणे

यंत्राआधी सावज ठरवावं, कारण उंदरासाठी घेतलेलं यंत्र गव्याला चालत नाही. एक कोरा कागद घ्या आणि आपल्या मुलखात काय काय आहे त्याची यादी करा. पोहरा-मालखेडच्या जंगलात बिबट आहे. तो अधूनमधून विद्यापीठाच्या आवारातही दिसतो, प्रवेश मात्र घेत नाही. परतवाड्याच्या पुढे घाट चढलात की मेळघाट. 1973-74 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशात जी पहिली नऊ जंगलं निवडली गेली, त्यांतलं हे एक. तिथे वाघ, अस्वल, गवा, सांबर, चितळ, भेकर. खाली शिवारात रोही, रानडुक्कर, ससा, तितर, मोर. यादी भरगच्च होईल. ऊर भरून येईल.

आता लाल पेन घ्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 याच्या अनुसूच्या समोर ठेवा आणि ज्याची शिकार करता येत नाही त्यावर काट मारा. वाघावर मारा, बिबटावर मारा, अस्वल, गवा, सांबर, चितळ, भेकर, मोर, रोही, रानडुक्कर, ससा, तितर. झालं? कागद पुन्हा बघा. मूळ कायद्यात पाचवी अनुसूची म्हणून एक होती. तिच्यात उपद्रवी ठरवलेले जीव होते: कावळा, उंदीर, फळं खाणारं वटवाघूळ. होतकरू शिकाऱ्याला एवढाच काय तो आधार होता. 2022 च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढून टाकली. आता कुणाला उपद्रवी ठरवायचं तर सरकारला वेगळी अधिसूचना काढावी लागते. घरातला उंदीर तेवढा आपल्या वाट्याला उरला आहे असं समजा. पण शिकारी रेंजफाइंडर साधारण चार-पाच मीटरच्या आतलं अंतर दाखवतच नाही, आणि राजापेठेतल्या टू-बीएचकेमध्ये उंदीर नेहमी त्याच्या आतच असतो.

कायद्यानं शिकारीची व्याख्याही ऐसपैस केली आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फासे लावणं, हाकलत नेणं, आमिष दाखवणं आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंसुद्धा त्यातच बसतं. म्हणजे गेल्या उन्हाळ्यात एसीवाल्याला सांगून बाहेरच्या युनिटमागचं बुलबुलाचं घरटं ज्यांनी काढायला लावलं, ते गृहस्थ रेंजफाइंडर न घेताच शिकारी होऊन बसले आहेत. वाघासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे. तेवढ्या काळात यंत्राची वॉरंटी संपते.

पायरी दुसरी : पळवाट शोधणे

इथे हुशार विद्यार्थी हात वर करतो. 'पण शेतकऱ्याला परवानगी मिळते ना?' मिळू शकते. कायद्याच्या कलम 11 मध्ये तशी सोय आहे. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका ठरलेल्या जनावराबाबत अधिकृत वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती लेखी असते, कारणासहित असते आणि ठरावीक जनावरापुरती असते. राजापेठेतल्या भाडेकरूच्या नावे, 'हौस' हे कारण लिहून, ती निघत नाही. आपल्या गच्चीतल्या कढीपत्त्याला अजून कुणी उभं पीक म्हटलेलं नाही.

तरी पण एकदा शेतावर जाऊन बघा, कारण यंत्राची खरी परीक्षा तिथेच होते. मामांचं वावर असेल तर त्यांना सांगून, नसेल तर ओळखी काढून, हरभरा घाट्यावर आला की रात्री जागलीला जा. खुर्ची, शाल, थर्मास, रेंजफाइंडर. अकरा-साडेअकराला तुरीच्या पलीकडून रोह्यांचा कळप येतो. पुढे एखादी मादी, मागे पोरंसोरं, आणि काळपट निळा नर धुऱ्यावर उभा राहून अंदाज घेत असतो. आपण यंत्र रोखाल. बटण दाबाल. आकडा येईल : 38. रोही तर लांब आहे, मग अडतीस कसे? कारण किरण मधल्या तुरीच्या शेंगांवरून परत आला आहे. मेनूत जाऊन 'शेवटचं लक्ष्य' ही सेटिंग करा. मग यंत्र जवळच्या फांद्या सोडून मागच्या वस्तूचं अंतर धरतं. पुन्हा दाबा. 140. आता अभिमानानं शेजारच्या जागल्याला तो आकडा सांगा. तो विडी बाजूला करून म्हणेल, "भाऊ, ते थे उभं आय हे त मले बी दिसून रायलं. वावरातून बाहीर कवा जाईन थे सांगते काय तुमची मशीन?"

सांगत नाही. महागड्या मॉडेलमध्येसुद्धा ती सोय नाही. जागल्या उठतो, पत्र्याचा डबा बडवतो, लांबलचक हाळी देतो आणि कळप वळतो. त्याला अंतर लागत नाही, गळा लागतो. ज्यांनी सोलरचं झटका मशीन बसवलंय त्यांना गळाही लागत नाही, नुसती तार अधूनमधून तपासावी लागते. आणि उजाडल्यावर जो हरभरा उरलेला नसतो त्याच्या पंचनाम्यासाठी रोही किती मीटरवर होता हे कुणी विचारत नाही. किती गुंठे खाल्ले ते विचारतात.

पायरी तिसरी : दुकानात जाणे

राजापेठेतल्या बड्या हार्डवेअर दुकानात जाऊन 'लेझरनं अंतर मोजायचं यंत्र द्या' म्हणा. पोरगा लगेच एक पिवळी-काळी डबी काउंटरवर ठेवेल, भिंतीवर लाल ठिपका पाडून दाखवेल आणि म्हणेल, 'पाह्या, मिलीमीटरमंधी दाखवते.' हे ते नव्हे. ही सिव्हिलवाल्यांची आणि फर्निचरवाल्यांची लेझर टेप. हॉलची लांबी, किचनच्या ओट्याची जागा, चाळीस-पन्नास मीटरपर्यंतचं सगळं ती चोख मोजते. पण भर उन्हात तिचा ठिपका दिसत नाही, आणि अस्वलाच्या अंगावर लाल ठिपका पाडून तो हलतो का हे बघणं नवशिक्याला झेपणारं नाही.

शिकारी रेंजफाइंडरचा किरण डोळ्याला दिसत नाही. तो अवरक्त असतो, बहुतेक यंत्रांत 905 नॅनोमीटरचा. यंत्र त्याचा क्षणभराचा ठोका सोडतं, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढतं. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे शंभर मीटरवरच्या वस्तूला हात लावून परत यायला त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचाही पुरता अवधी लागत नाही, जेमतेम दोन तृतीयांश लागतो. याच शंभर मीटरला राजापेठ चौकात संध्याकाळी सहा वाजता आपल्याला किती वेळ लागतो, हे इथे काढत बसू नये. अचूकता साधारण एक मीटर इकडे-तिकडे. शिकाऱ्याला तेवढी पुरते, सुताराला पुरत नाही.

खोक्यावरच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका. 'एक हजार यार्ड' असं ठळक छापलेलं असतं. ते लागू पडतं ते चकाकणाऱ्या वस्तूला, म्हणजे महामार्गावरच्या दिशादर्शक फलकाला. झाडाला त्याहून बरंच कमी आणि जनावराला सगळ्यांत कमी, कारण केसाळ, मातकट अंग प्रकाश परत द्यायला नाखूश असतं. फलकाची शिकार करायची असेल तर हजाराचं घ्या. नाहीतर छापलेल्या आकड्याच्या निम्मंच आपल्या कामाचं, असं धरून चला. 'यार्ड' हा शब्द तेवढा लक्षात ठेवा. पुढे तो फार महागात जाणार आहे.

गोल्फचं आणि शिकारीचं यंत्र बाहेरून सारखंच दिसतं. गोल्फवाल्याला मागच्या झाडीपुढचा झेंडा हवा असतो, म्हणून त्याचं यंत्र जवळची वस्तू धरतं. शिकाऱ्याला गवतामागचं जनावर हवं असतं, म्हणून त्याचं लांबची. बाकी सहापट मोठं दिसणं सर्रास मिळतं. पडद्यावरचे आकडे काळे असतील तर संधिप्रकाशात सागाच्या काळोख्या बुंध्यावर ते दिसत नाहीत. लाल आकड्यांचं घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. यंत्रं साधारण पन्नास अंशांपर्यंत काम करतात असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी मे महिन्यातल्या दुपारी बंद कारच्या डॅशबोर्डवर वस्तू ठेवून बघितलेली नसावी, तीही अकोल्यात.

आणि त्या यंत्रातून सूर्याकडे बघू नका. मजेचा भाग सोडून सांगतो. किरण डोळ्यांना सुरक्षित वर्गातला असतो, पण भिंगातून येणारा सूर्य डोळा जाळतो.

पायरी चौथी : सराव

घरच्या गच्चीतून करू नका. सहापट मोठं दाखवणारं यंत्र समोरच्या गॅलरीवर रोखून 'मी फक्त अंतर मोजत होतो' हे सांगायची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांचं कुणी ऐकून घेत नाही.

चिखलदऱ्याला जा. तिथे दरी आहे आणि दरीत उतार. यंत्रातली 'कोन' नावाची सोय तिथेच कळते. कड्यावरून तीस अंश खाली बघत एखाद्या दगडावर किरण टाका. समजा 200 मीटर आलं. गोळी झाडणाऱ्याच्या हिशेबात ते साधारण 173 धरायचं, कारण गुरुत्वाकर्षण गोळीला खेचतं ते आडव्या अंतराच्या मानानं, तिरक्या नव्हे. हे न कळल्यामुळे डोंगरातल्या शिकाऱ्यांच्या गोळ्या सावजाच्या डोक्यावरून जातात. याच मुलखात भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं आणि त्यावरून गावाला नाव पडलं असं सांगतात. त्यानं कोन मोजल्याचा उल्लेख नाही. पुढे 15 डिसेंबर 1803 रोजी वेलस्लीच्या फौजेनं शेजारचा गाविलगड घेतला तोही तोफांच्या अंदाजावर. अंदाज चुकला की आणखी एक गोळा टाकायची सोय त्यांच्याकडे होती.

अंतर आधी तोंडानं सांगायचं आणि मग मोजायचं, हा सराव रोज करा. आपल्याकडे याची फार गरज आहे. वऱ्हाडात विचारा, अमकं गाव किती लांब, तर 'हे काय, इथंच' म्हणतात. इथंच म्हणजे बारा किलोमीटर. आणि हुकलेला ससा सांगताना 'दोनशे मीटरवर व्हता, भाऊ' म्हणतात. दोनशे म्हणजे सत्तर. गाव जवळ येतं आणि ससा लांब जातो. याची सवय आपल्या हाडीमासी भिनलेली असते, म्हणून ती पुढच्या पायरीआधी मोडायला हवी.

पायरी पाचवी : हे यंत्र रोखायचा अधिकार ज्याला आहे त्याला भेटणे

इथवर आलात तर आता खरी गोष्ट ऐका. मेळघाटात हे शिकारी यंत्र वापरलं जातं. राजरोस, सरकारी खर्चानं, जनावरावर रोखून. वापरणाऱ्याचं नाव वनरक्षक.

पूर्वी वाघ मोजायचे ते पावलांच्या ठशांवरून. काच ठेवून ठसा गिरवायचा, कागदावर उतरवायचा आणि ठसे ताडून आकडा काढायचा. 2004-05 मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि त्या पद्धतीवरचा भरवसा उडाला. 2006 पासून दर चार वर्षांनी देशभर नव्या पद्धतीनं गणना होते. वाघासाठी झाडांना कॅमेरे, आणि वाघ जे खातो त्या चितळ-सांबर-गव्यांसाठी पायी रेषा. 2018 ला महाराष्ट्रात 312 वाघ होते, 2022 ला 444 झाले. बातमी वाघाच्या आकड्याची होते. वाघाचं पोट किती भरतं हे सांगणारी रेषा बातमीत येत नाही.

ती अशी. वनरक्षकाच्या हद्दीत, म्हणजे बीटमध्ये, साधारण दोन किलोमीटरची सरळ रेषा आधीच आखलेली असते, झाडांवर खुणा केलेल्या असतात. उजाडता उजाडता वनरक्षक आणि सोबत एखादा कोरकू वनमजूर त्या रेषेवरून निघतात. बोलणं नाही, पाचोळ्यात पाय जपून. चालता चालता पहिला थांबतो तो सहसा मजूर, कारण त्याला कान दिसतो. बांबूच्या बेटामागे चितळाचा एक कान. मग वनरक्षक डोकी मोजतो : पाच, सहा, एक पाडस. रेंजफाइंडर लावतो : 80 मीटर. होकायंत्रानं कोन घेतो : रेषेपासून 30 अंश. कागदावर तीन आकडे जातात आणि दोघं पुढे निघतात. कळप आधीच बिचकून पळाला असेल तर तो पहिल्यांदा जिथे दिसला तिथल्या झाडाचं अंतर घ्यायचं, पळत्याचं नाही. 80 मीटर आणि 30 अंश यांवरून कळप रेषेपासून सरळ किती आत होता ते निघतं : 40 मीटर. ते अंतर महत्त्वाचं.

कशासाठी? रेषेला लागून असलेली जनावरं जवळजवळ सगळी दिसतात. आत जावं तसा बांबू, साग, उतार मध्ये येतो आणि दिसणं कमी होत जातं. ते कोणत्या अंतरावर किती कमी झालं हे शेकडो नोंदींवरून कळलं की, न दिसलेली किती असतील याचा हिशेब मांडता येतो. म्हणजे हे यंत्र न दिसलेली जनावरं मोजायला वापरतात. अमेरिकेतल्या टोपीवाल्याला हे सांगितलं तर तो यंत्र उलटंपालटं करून बघेल.

आता तो 'यार्ड' काढा. समजा पेटीतून निघालेलं यंत्र यार्डावर लावलेलं आहे आणि कुणी मेनू बघितला नाही. पडद्यावर 100 आलं, कागदावर '100 मीटर' गेलं. खरं अंतर 91 मीटर आणि वर थोडं. प्रत्येक नोंद अशी फुगली की कागदावर आपण रुंद पट्टा पाहिल्यासारखं होतं. जनावरं तेवढीच, पट्टा मोठा, म्हणजे जंगल विरळ. दर शंभर चितळांमागे आठ-नऊ चितळं गायब. बंदूक नाही, फासा नाही, रक्ताचा थेंब नाही. हुकलेल्या सशाला दोनशे मीटरवर नेणारा आपला तो बहाद्दर अंदाजानं आकडे भरायला बसला तर याहून मोठी शिकार होईल. वऱ्हाडात रेंजफाइंडरनं हरीण मारण्याची मला ठाऊक असलेली एवढीच पद्धत आहे, आणि तिच्यावर अजून कलम लागलेलं नाही.

शिकार ज्यांच्या हाडात होती त्यांचंही बघा. अकोला-वाशीम भागातले फासेपारधी तितराचा आवाज ऐकून तो किती पावलांवर आहे ते सांगतात. त्यांच्यातल्याच काहींनी माळरानावरच्या तणमोराची राखण अंगावर घेतली. पक्षी कुठे बसतो हे जे फासा लावणाऱ्याला ठाऊक होतं, ते आता त्याला वाचवणाऱ्याला ठाऊक आहे. त्यांच्याकडे लेझर नव्हता. आणि आपल्याकडे लेझर आला तरी त्यांचा कान येत नाही.

पायरी सहावी : आता काय करायचं

दहा-पंधरा हजार अजून खर्च झाले नसतील तर थांबा. वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात पाणवठ्यांवर मचाणं बांधून वनविभाग निसर्गानुभवाचा कार्यक्रम ठेवतो. नोंदणीच्या बातमीवर आधीपासून लक्ष ठेवा, जागा थोड्या असतात. या रात्रीच्या मोजणीवर आता वाघांचा अधिकृत आकडा ठरत नाही, पण रात्रभर पाणवठ्यासमोर बसायला मिळतं. सोबत वनविभागाचा माणूस असतो. मळके हिरवे किंवा खाकी कपडे घाला, अत्तर लावू नका, मोबाइलचा आवाज बंद करा, चिवड्याची कुरकुरणारी पिशवी घरी ठेवा, पाणी भरपूर न्या आणि खाली उतरायची घाई सकाळपर्यंत आवरा. रेंजफाइंडर नेऊ नका. मचाणापासून पाणवठा किती लांब हे सोबतच्या माणसाला पाठ असतं.

आणि घेऊनच बसला असाल तर मेनूत जाऊन यार्डाचं मीटर करा आणि ओळखीच्या वनरक्षकाला विचारा, गणनेच्या दिवसांत उपयोग होतो का. देताना बॅटरी बघून द्या. बऱ्याच यंत्रांत सीआर-2 नावाची आखूड, जाड बॅटरी लागते. ती अमरावतीत कॅमेऱ्याच्या दुकानात मिळेल, मेळघाटातल्या सेमाडोहला मिळायची नाही. दोन जादा टाका.